मोतीबिंदूला कुणी ‘वय झालं’ म्हणून सोडून देत नाही

आमची आत्या ७२ वर्षांची. झेडपीच्या शाळेतून हेडबाई म्हणून रिटायर झाली आणि गल्लीतल्या बारा बायकांची भिशी गेली पंधरा वर्षं तीच चालवायची, लाल कापडी बांधणीची वही, कुणी कधी किती दिले, नंबर कुणाचा लागला, सगळं त्यात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिने ती वही शेजारच्या काकूंच्या हातात दिली आणि म्हणाली, बेरजा जुळत नाहीत आता, तुम्हीच बघा. कुणालाच काही वाटलं नाही. वय झालं, सगळे म्हणाले, मीपण म्हणाले. मग जेवण कमी झालं, पहाटे तीनला उठून पलंगावर नुसती बसून राहायला लागली, पोटात कसंतरी होतं म्हणायची म्हणून सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, बी-१२ची इंजेक्शनं झाली, आणि अकरा किलो वजन गेल्यावर एका डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढायला सांगितला. रिपोर्टमध्ये खाली एक ओळ होती, ‘एज रिलेटेड चेंजेस’. घरात सगळ्यांनी हुश्श केलं. गाठबीठ नाही ना, मग झालं तर, वयाचंच आहे.

या एका ओळीवर माझा राग आहे आणि हा सगळा लेख त्या रागातूनच आलाय, ते आधीच सांगून टाकते.

कारण बघा, मोतीबिंदूपण वयामुळेच होतो. तोही ‘एज रिलेटेड चेंज’च आहे. पण मोतीबिंदू झालेल्या आजीला आपण ‘आता वय झालं, दिसणार नाहीच’ म्हणून ओसरीवर बसवून ठेवत नाही, शिबिरात नेतो, भिंग बसवतो, आणि यासाठी सरकार १९७६पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालवतंय, गावोगाव व्हॅन जातात, फुकट ऑपरेशन होतं. गुडघ्याचं तेच. मग मेंदूच्या बाबतीत ‘वयाचंच आहे’ हे वाक्य आलं की सगळे हात झटकून मोकळे का होतात? माझं म्हणणं एवढंच आहे की म्हाताऱ्या माणसांचं डिप्रेशन हा मेंदूतला आजार आहे, त्यावर गोळ्यांच्या पुढचे उपचार आहेत, आणि ते पुण्यामुंबईच्या प्रायव्हेट क्लिनिकांत पॅकेजवर मिळण्याऐवजी जिल्हा रुग्णालयात मिळायला हवेत, डायलिसिस मिळतं तसे.

आधी आजार किती मोठा आहे ते. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयपीएसने, देशभरातल्या वयस्कर लोकांची मोठी पाहणी केली, लासी म्हणतात तिला, पहिली फेरी २०१७-१८ची. त्यात साठीच्या वरच्या लोकांना ठरलेली प्रश्नावली विचारली तर ८.३ टक्के लोकांना डिप्रेशन असावं असं निघालं. आणि ‘तुम्हाला डॉक्टरांनी कधी डिप्रेशन आहे असं सांगितलंय का’ विचारलं तर हो म्हणणारे किती? ०.८ टक्के. म्हणजे दहापट फरक. २०११च्या जनगणनेतले १० कोटी ३८ लाख ज्येष्ठ धरले (आता त्याहून कितीतरी जास्त आहेत) तरी ८० लाखांच्या वर माणसं होतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काय झालंय त्याचं नावच माहीत नाही. आत्याही एक वर्ष त्या आकड्यातच होती.

आणि नाव कळणार तरी कसं, म्हातारी माणसं ‘मला उदास वाटतं’ असं म्हणतच नाहीत ना. ती म्हणतात पाय गळाल्यासारखे झालेत, तोंडाला चव नाही, छातीत धडधडतं, कशात जीव लागत नाही, आता काय राहिलंय आमचं. तरुण डॉक्टर पोट तपासतो. जेरोम येसावेज नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खास म्हाताऱ्यांसाठी एक प्रश्नावली बनवली, जीडीएस, हो-नाही अशी उत्तरं, आणि त्यात त्यांनी झोप, भूक, अंगदुखी असले प्रश्न मुद्दाम वगळले, कारण सत्तरीच्या माणसाला ते नुसत्या वयानेही असतात, त्यावरून काही कळत नाही. साधी गोष्ट आहे पण तिच्यात शहाणपण आहे. या येसावेजांचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता मेंदूत नक्की काय होतं ते मला समजलं तसं सांगते. मी डॉक्टर नाही, पण दीड वर्ष यातच डोकं घातलंय आणि आमचे मानसोपचारतज्ज्ञ सर भले माणूस होते, कंटाळा न करता कागदावर चित्रं काढून सांगायचे. कपाळाच्या वर, केस सुरू होतात त्याच्या जरा मागे, डाव्या उजव्या दोन्ही बाजूंना मेंदूचा एक भाग असतो, डॉक्टर त्याला डीएलपीएफसी म्हणतात, मी त्याला कारभारी म्हणते. काम ठरवणं, सुरू करणं, डोक्यात आकडा धरून ठेवणं, एका गोष्टीवरून दुसरीवर जाणं, ही त्याची कामं. म्हणजे भिशीची बेरीज त्याचीच. दुसरा भाग खूप आत, मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या बाजूला, सबजेन्युअल सिंग्युलेट, हा दुःखाशी जोडलेला. हेलन मेबर्ग नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि डिप्रेशनमध्ये हा आतला भाग पेटलेला असतो आणि कारभारी मंदावलेला असतो असं चित्र पुढे आलं, माणूस बरा व्हायला लागला की दोन्ही उलट दिशेने सरकतात, सीसॉसारखं. ढोबळ सांगतेय, तज्ज्ञांनी रागावू नये.

म्हातारपणी यात एक जास्तीची भानगड असते ती म्हणजे वायरिंगची. मेंदूचे हे भाग एकमेकांशी ज्या तंतूंनी जोडलेले असतात त्यांना खोलवर रक्त पोचवणाऱ्या शिरा केसाहून बारीक असतात, आणि वीस वीस वर्षं बीपी आणि साखर अंगावर काढली की त्या आधी बिघडतात, तंतूंना रक्त कमी पडतं, एमआरआयवर तिथे पांढरे डाग दिसतात. असे डाग असलेल्या प्रत्येकाला डिप्रेशन होतं असं मुळीच नाही. पण जॉर्ज अलेक्सोपुलोस आणि इतर काही डॉक्टरांनी १९९७ साली व्हॅस्क्युलर डिप्रेशन ही कल्पना मांडली, की उतारवयात पहिल्यांदाच येणारं डिप्रेशन बऱ्याचदा या डागांच्या रस्त्याने येतं, कारभारी आणि आतला भाग यांच्यातल्या तारा कुरतडल्या जातात, त्यामुळे अशा माणसाला रडू कमी येतं आणि सुस्ती जास्त, काही सुरूच करता येत नाही, हिशोब चुकतात, आणि घरच्यांना वाटतं विसरायला लागली, अल्झायमर असणार. आत्याचं अगदी हेच. तिला बीपी पंचेचाळिसाव्या वर्षापासून. म्हणजे जी ओळ वाचून आम्ही फाइल बंद केली, ‘एज रिलेटेड चेंजेस’, खरं तर तिथून फाइल उघडायला हवी होती!

गोळ्यांचं काय? गोळ्या चालतात, बऱ्याच जणांना चालतात, आणि हे वाचून कुणी आपल्या आईच्या गोळ्या बंद करू नका प्लीज. पण वयस्कर माणसांत त्यांची एक वेगळी किंमत मोजावी लागते. आत्याला पहिली गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ती बरळायला लागली, सोडियम १२१ वर आलेलं, दोन रात्री आयसीयू. हे दुर्मिळ नाही, या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्यांचं सोडियम उतरतं हे पुस्तकात आहे. जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं, लघवी तुंबणं, गोंधळ. काहींनी तोल जातो आणि पडणं म्हणजे खुबा आणि खुबा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत ऑप्टिमम नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ साली छापून आला, दोन गोळ्या फेल गेलेल्या साठीच्या पुढच्या लोकांवर, तर गोळी बदलण्यापेक्षा जोडीला दुसरी गोळी दिल्यावर फरक जास्त पडला, पण त्यातल्या एका जोडगोळीत पडण्याचं प्रमाणही वाढलं. आणि कारभारी भाग जितका कमजोर तितकी गोळी कमी चालते असंही दिसलंय. दुसरी गोळी आत्याला सोसली, झोप आली, वजन तीन किलो वाढलं, पण वही काही परत मागितली नाही तिने.

मग सर म्हणाले आरटीएमएस करून बघू.

नाव ऐकून घरात पहिला प्रश्न, शॉक का? शॉक नाही. चुंबक आहे. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलं ना, चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की तारेत वीज उभी राहते, शाळेत आपण सगळ्यांनी ते पाठ केलंय, इथे तारेच्या जागी मेंदूचे तंतू आहेत एवढाच फरक. इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या टीमने १९८५ साली पहिल्यांदा डोक्याबाहेर कॉइल धरून माणसाचा हात हलवून दाखवला. अमेरिकेच्या एफडीएने डिप्रेशनसाठी हे मशीन २००८ साली मान्य केलं. कवटीला भोक नाही, भूल नाही, फिट आणत नाहीत. पहिल्या दिवशी डोक्यावर आठच्या आकाराची कॉइल ठेवून एक एक ठोका देत बघतात की उजव्या हाताचा आंगठा कधी उडतो, त्यावरून प्रत्येकाचा डोस ठरतो. आत्याचा आंगठा टुणकन उडाला आणि ती हसली. मला आठवतंय कारण सात महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती, मी बाहेर जाऊन रडले. मग रोज कानात बोळे घालायचे, केसातल्या पिना काढायच्या, खुर्चीत बसायचं, आणि डाव्या कपाळावर सुतारपक्षी बसल्यासारखं टकटक टकटक. डोकं थोडं दुखतं, टाळू चुरचुरते. फिट येण्याची शक्यता असते पण फार कमी, हजारात एकापेक्षाही कमी, तरी ज्यांना फिट्स येतात किंवा डोक्यात धातूची क्लिप किंवा कानाचं इम्प्लांट आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घेतलंच पाहिजे, पेसमेकरवाल्यांनीसुद्धा.

आता याने खरंच फरक पडतो का. इथे जाहिरातवाल्यांचं एक आणि अभ्यासाचं दुसरं असं आहे आणि मला वाटतं दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत नाहीतर मीपण जाहिरातच करतेय असं होईल. टोरंटोच्या डॅनियल ब्लमबर्गर यांच्या टीमने २०१८ साली ४१४ लोकांवर दाखवलं की साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीइतकाच फरक तीन मिनिटांच्या नव्या पद्धतीने पडतो, थीटा बर्स्ट म्हणतात तिला, तीन तीन ठोक्यांचे झुबके. पण त्यात वयाची अट होती, १८ ते ६५! म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज ते बाहेर. मग याच लोकांनी २०२२ साली साठीच्या वरच्या १७२ जणांवर वेगळा अभ्यास केला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना ठोके देऊन, आणि तिथेही चार मिनिटांची पद्धत पाऊण तासाच्या पद्धतीला तोडीस तोड निघाली, साधारण तिघांतला एक जण दोन्हीकडे पूर्ण बरा झाला. तिथलंच आणखी एक काम, २०१८ सालचं, ६० ते ८५ वयाच्या ५२ लोकांवर, जास्त खोल जाणाऱ्या कॉइलने, खऱ्या मशीनवाले ४० टक्के बरे झाले आणि खोट्या, म्हणजे नुसता आवाज करणाऱ्या, मशीनवाले १५ टक्क्यांच्या आसपास.

आणि आता येसावेज. त्याच २०१८ साली त्यांनी अमेरिकेतल्या १६४ माजी सैनिकांवर आरटीएमएस करून बघितलं, अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना नुसता आवाज करणारं खोटं. खरं मशीन, ४१ टक्के बरे. खोटं मशीन, ३७ टक्के बरे! म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. ते सगळे म्हातारे नव्हते, पन्नाशी-साठीतले बरेच, शिवाय युद्धावरून आलेले, दारूचे प्रश्न असलेले. पण हा आकडा दडवायचा नाही. आरटीएमएसच्या विरोधात बोलणारे हा आकडा पुढे करतात आणि म्हणतात बघा, प्लासिबो आहे सगळं, उपचार मिळतोय या समजुतीनेच बरं वाटतं. मी या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले आणि मला त्यात दुसरंच काही दिसलं. ३७ टक्के! ज्यांच्यावर गोळ्या चालल्या नव्हत्या अशा माणसांतले ३७ टक्के, खोट्या मशीनखाली. ते बरे झाले कशाने? माझा अंदाज, रोज सकाळी उठून अंघोळ करून कपडे घालून कुठेतरी जायचं होतं म्हणून, रोज तिथली बाई नाव घेऊन विचारायची काल झोप लागली का म्हणून. आत्याच्या बाबतीतसुद्धा मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही की किती काम चुंबकाने केलं आणि किती त्या क्लिनिकातल्या टेक्निशियन मुलीने, जी तिला रोज ‘बाई, आज कुठलं पातळ’ असं विचारायची. पण मग धोरण म्हणून याचा अर्थ काय निघतो? मशीन फेकून द्या असा निघत नाही. मशीन अशा ठिकाणी ठेवा जिथे रोज जाता येईल आणि गेल्यावर कुणीतरी ओळखीचं भेटेल, असा निघतो.

म्हाताऱ्यांना हे चालत नाही असं जे म्हणतात त्यांच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. सुरुवातीच्या काळात वयस्कर लोकांवर जे छोटे छोटे अभ्यास झाले त्यांत काही फारसं निघालं नाही आणि निष्कर्ष असा पसरला की वय वाढलं की आरटीएमएस चालत नाही. पण वयाबरोबर मेंदू आक्रसतो, विशेषतः कपाळामागचा भाग, आणि कवटी आणि मेंदू यांच्यामधली पाण्याची जागा वाढते, आणि चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, काही मिलिमीटरनेसुद्धा फरक पडतो. त्यात डोस ठरवतात हाताच्या भागावरून, जिथे मेंदू तितका आक्रसलेला नसतो, आणि देतात कपाळावर, जिथे तो जास्त आक्रसलेला असतो. म्हणजे त्या लोकांपर्यंत पुरता डोस पोचलाच नसावा. ठोकेही कमी, आठवडेही कमी. औषध अर्धं द्यायचं आणि खापर वयावर फोडायचं. ही काही विज्ञानातलीच सवय नाही म्हणा, घराघरांत हेच चालतं.

आता पैशांकडे येते कारण खरी गोम तिथे आहे. आत्याला ३० सेशन्स लागली, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. आमच्या जिल्ह्याच्या गावी शोधलं, मशीन नव्हतं. पुणं साडेतीन तास. मग चुलत भावाच्या फ्लॅटवर सहा आठवडे मुक्काम, मी अर्धी रजा अर्धा बिनपगारी. सेशनला १८०० रुपये, ३० गुणिले १८००, ५४ हजार, रिक्षा वेगळी. आत्याला पेन्शन आहे म्हणून जमलं. तिच्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत, त्यांना हेच झालं तर? त्यांचं ‘वय झालं’.

मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले, ॲडमिट नव्हता ना, ओपीडीला मिळत नाही. आता गंमत बघा. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७मध्ये स्पष्ट लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. विमा नियामकाने, आयआरडीएआयने, २०१९ साली बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, की हे तुम्हाला पॉलिसीतून वगळता येणार नाहीत. त्या यादीत डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे, म्हणजे कवटीला भोक पाडून आत तार घालायची. ते असायलाच हवं, पार्किन्सनवाल्यांना फार उपयोगी आहे. पण डोक्याला भोक न पाडता जे करता येतं ते यादीत नाही. आयुष्मान भारतच्या पॅकेजच्या यादीत मात्र टीएमएस, म्हणजे हाच चुंबकाचा उपचार, आहे, ईसीटीच्या, म्हणजे शॉकच्या, शेजारीच, आणि ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. म्हणजे कागदावर कार्ड आहे, कागदावर पॅकेज आहे, मशीन तेवढं कागदावर नाही आणि जमिनीवरपण नाही, निदान आमच्याकडे तरी.

लोक म्हणतात रोज रोज कोण नेणार म्हाताऱ्यांना जिल्ह्याला, प्रॅक्टिकल बोला. मी प्रॅक्टिकलच बोलतेय. डायलिसिसला माणसं आठवड्यातून दोन तीन वेळा जातात आणि तेही जन्मभर, केंद्राने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणला आणि जिल्हा रुग्णालयांत मशीनं आली. त्याआधी तेव्हाही लोक हेच म्हणत असणार. इथे तर सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे. एसटीत ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट आणि पासष्टच्या वर अर्धं तिकीट आहे, बायकांना तर २०२३पासून कुठल्याही वयात अर्धं. आणि जुन्या पद्धतीत एका माणसाला पाऊण तास लागायचा तिथे आता तीन-चार मिनिटं, उठायबसायचे धरून पंधरा धरा, म्हणजे एका मशीनवर दिवसाला पंचवीस माणसं आरामात होतील. पूर्वी आठ-दहा व्हायची. स्टॅनफर्डवाल्यांनी तर पाच दिवसांत दिवसाला दहा सेशन्स असा प्रकार काढलाय, २०२२ साली एफडीएने मान्यही केला, त्यात आधी एमआरआय काढून जागा ठरवावी लागते, म्हणजे खर्चिक, पण लांबच्या तालुक्यातल्या माणसाला पाच दिवस ॲडमिट करून सोडता आलं तर किती बरं. आणि ॲडमिट झालं की विमावाल्यांची पण सबब गेली!

दोन आक्षेप मला खरे वाटतात. एक ईसीटीचा, म्हणजे ज्याला लोक शॉक म्हणतात त्याचा. डॉक्टर म्हणतात की जो माणूस खात नाही पीत नाही, जीव द्यायची भाषा करतो, त्याला सहा आठवडे टकटक करत बसू नका, ईसीटी द्या. बरोबर आहे. १९३८ साली रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आजही म्हाताऱ्यांच्या गंभीर डिप्रेशनवर सगळ्यात जोरदार आहे, अमेरिकेत प्राइड नावाच्या अभ्यासात साठीच्या वरचे २४० जण होते, २०१६ साली निकाल छापून आले, ईसीटी आणि जोडीला गोळी यांवर ६२ टक्के पूर्ण बरे झाले. आरटीएमएस याच्या जवळपासही नाही. आणि सिनेमात दाखवतात तसं दोरीने बांधून काही नसतं, आपल्या २०१७च्या कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायलाच बंदी आहे. काही दिवस विसरायला होतं, भुलेसाठी हृदय धड लागतं, हे आहे. म्हणजे पायऱ्या आहेत, गोळी, चुंबक, ईसीटी, आणि मधली पायरी गावाकडे गायब आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. मशीनला लाखो घालण्यापेक्षा समुपदेशकांना पगार द्या ना. आणि याला पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल वगैरे मंडळींनी साठीच्या वरच्या १८१ लोकांवर काम केलं, ज्यांना अजून डिप्रेशन झालेलं नाही पण उंबरठ्यावर आहेत अशा. ना सायकॉलॉजिस्ट ना मशीन, साधी ट्रेनिंग दिलेली स्थानिक माणसं, अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, शुगर कशी सांभाळायची, सरकारी योजनेचा फॉर्म कुठे भरायचा. वर्षभरात डिप्रेशन झालं ते या लोकांपैकी साडेचार टक्क्यांहून कमी जणांना, आणि नेहमीची देखभाल मिळालेल्यांत साडेचौदा टक्के. हे २०१९ साली छापून आलं. मला कुणी शंभर रुपये देऊन वाटणी कर म्हटलं तर पंच्याहत्तर मी याला देईन, बिनदिक्कत. आशाताई घरोघरी आरोग्याची माहिती ज्यात भरून घेतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये मनाविषयीचे दोन प्रश्न आधीच आहेत, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, ते खरोखर विचारले गेले आणि हो म्हणणाऱ्यांना कुठेतरी पाठवलं गेलं तरी आत्याचं एक वर्ष वाचलं असतं. पण उरलेले पंचवीस मशीनलाच, कारण ज्याच्या तारा कुरतडल्यात आणि दोन गोळ्या फेल गेल्यात त्याला नुसतं बोलून भागत नाही, आणि गरिबाला बोलणं आणि श्रीमंताला मशीन अशी वाटणी मला मान्य नाही.

सरकारने यात उतरायला हवं याचं आणखी एक कारण म्हणजे बाजार आधीच उतरलाय. आम्ही चौकशी करत होतो तेव्हा एका ठिकाणी फोनवर सांगितलं, ‘मॅडम, शंभर टक्के रिझल्ट, अल्झायमरवर पण चालतं, आज बुक केलं तर दहा सेशन फ्री’, डॉक्टरांशी बोलायचंय म्हटलं तर म्हणे ते संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर असतात. मेंदूवर सेल लागलेला मी पहिल्यांदा पाहिला. आणि ते हेडबँड, टीडीसीएस. न्यू जर्सीच्या भावाने पाठवला होता, कपाळावर ओल्या पट्ट्या लावायच्या, दोन मिलिॲम्पिअरची हलकी वीज जाते, घरबसल्या. स्वस्त आहे, सुटसुटीत आहे, खेड्यासाठी हेच बरं असं मलाही वाटलेलं. पण ब्राझीलमधल्या २४५ लोकांवरच्या २०१७ सालच्या अभ्यासात ते साध्या गोळीच्या तोडीचं आहे असं सिद्ध करता आलं नाही, जर्मनीत २०२३ साली गोळीच्या जोडीला दिलं तर खोट्या पट्टीपेक्षा वेगळं काही झालं नाही. २०२४ साली घरी वापरायच्या एका अभ्यासात मात्र फरक दिसला. म्हणजे दार अजून उघडं आहे, पण जिल्ह्याच्या पैशाने आज विकत घ्यायची वस्तू ती नव्हे. आमचा हेडबँड कपाटात आहे.

आत्या पूर्ण बरी झाली का? नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःहून चहा टाकला, पाचव्यात फोनवर शेजारच्या काकूंशी अर्धा तास बोलली. घरी आल्यावर वही परत मागितली, आणि सात महिन्यांच्या नोंदी तपासून सांगितलं की एका बाईचा नंबर दोनदा लागलाय आणि चारशे रुपये कमी आहेत, त्यावरून गल्लीत जे भांडण झालं ते अजून चालू आहे. नऊ महिने बरे गेले. गेल्या महिन्यापासून पहाटे तीनला परत दिवा लागतो तिच्या खोलीत. सर म्हणाले परत काही सेशन्स घ्यावी लागतील. परत पुणं, परत माझी रजा.

त्यामुळे मी आणि गल्लीतल्या नऊ जणींनी जिल्हा नियोजन समितीला निवेदन दिलंय, एक मशीन, एक टेक्निशियन, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, आणि आयुष्मानच्या त्या पॅकेजचा उल्लेख. मसुदा आत्यानेच केला, तीन वेळा खोडून, तिला माझं शुद्धलेखन पटेना. पोच मिळाली आहे. तिचा आवक क्रमांक आणि तारीख आत्याने भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि खाली लिहिलंय, तीस दिवसांनी विचारणे.